चार पावलांचं अंतर

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात. वय ४६. गेली अकरा वर्षं ते आपल्या मंडळीत तरुणांचा बायबल वर्ग घेतात. येशूचं डोंगरावरचं प्रवचन हा त्यांचा आवडता भाग. ख्रिस्ताच्या अनुयायाने कुणावरही हात उगारू नये, स्वतःला वाचवण्यासाठीसुद्धा नाही, असं ते मानतात आणि तसंच शिकवतात. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून त्यांची धाकटी बहीण दोन मुलांना घेऊन त्यांच्याकडे राहायला आली आहे. एका संध्याकाळी मेहुणा घरात घुसला, बहिणीचे केस धरले आणि तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. हे चार पावलांवर उभे होते. हलले नाहीत. आवाज ऐकून शेजारी धावत आला, त्याने मेहुण्याला मागून कवेत धरून खाली पाडलं आणि तो शांत होईपर्यंत दाबून धरलं. बहिणीच्या भुवईवर चार टाके पडले.

पाळक म्हणाले, "तुम्ही परीक्षेत टिकलात." शेजारी म्हणाला, "दाराआड एक काठी ठेवत जा." सोळा वर्षांचा भाचा म्हणाला, "मामा, पुढच्या वेळी मी आहे." बहीण दोन आठवडे काहीच बोलली नाही. मग एकदा भांडी विसळता विसळता तिने विचारलं, "दादा, तेव्हा तू प्रार्थना करत होतास का?" यांना उत्तर देता आलं नाही. आता मेहुणा समेटाची भाषा करतो आहे आणि बहिणीने क्षमा करून परत जावं असं पाळकांचं मत आहे. पत्रलेखक विचारतात : मी उभा राहिलो ती श्रद्धा होती की भीती? मी मारायला हवं होतं का? आणि पुढच्या वेळी मारलंच, तर मी ख्रिस्ताचा राहतो का?

सप्रेम नमस्कार,

तुमच्या तीन प्रश्नांपेक्षा तुमच्या बहिणीचा एक प्रश्न जास्त नेमका आहे. तुम्ही श्रद्धा की भीती असं विचारता. तिने फक्त त्या वेळी तुम्ही काय करत होता एवढंच विचारलं. तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचून मला जे उत्तर दिसतं ते असं, की तुम्ही काहीच करत नव्हता. तुम्ही गोठला होता.

अचानक धोका समोर आला की शरीर कधी लढतं, कधी पळतं आणि कधी जागच्या जागी थिजतं. हे थिजणं ठरवून होत नाही. पाय जड होतात, आवाज निघत नाही, ऐकू येतं पण अर्थ लागत नाही. तुम्ही लिहिलंय की त्या क्षणाचं तुम्हाला फक्त भिंतीवरच्या घड्याळाचं टिकटिकणं आठवतं. तत्त्वावर ठाम उभ्या राहिलेल्या माणसाची आठवण अशी नसते, आणि भेदरून मागे सरकणाऱ्याचीही नसते. म्हणून श्रद्धा की भीती या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर 'दोन्ही नाही' असं आहे. त्या क्षणी तुम्ही निवड केलीच नव्हती. त्यामुळे स्वतःला भेकड म्हणण्याचं कारण नाही. पण पाळकांनी दिलेली शाबासकीही परत करावी लागेल. जी परीक्षा तुम्ही दिलीच नाही तिच्यात टिकलात कसे?

हे कठोर वाटलं तर माफ करा. पण मला वाटतं, तुमची झोप खरी उडवली आहे ती त्या शाबासकीनेच.

आता तुमच्या पत्राच्या मुळाशी जे गृहीत आहे त्याकडे येते. मारायचं किंवा उभं राहायचं, असे दोनच रस्ते तुम्ही धरलेत. अहिंसा म्हणजे न मारणं, आणि न मारणं म्हणजे काही न करणं, अशी ही साखळी आहे. तिची पहिली कडी खरी, दुसरी खोटी.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातलं, त्या प्रवचनातलं दुसरा गाल पुढे करण्याचं वचन पुन्हा काढा. 'तुझ्या' उजव्या गालावर कुणी मारलं तर, असं ते आहे. काही अभ्यासक उजव्या गालावर बोट ठेवतात : समोरच्याने उजव्या हाताने उजव्या गालावर मारायचं तर ती चपराक पालथ्या हाताची असते, म्हणजे धन्याने गुलामाला द्यावी तशी अपमानाची, आणि दुसरा गाल पुढे करणं म्हणजे 'मी तुझ्या बरोबरीचा आहे' असं सांगणं. हा अर्थ मला आवडतो, पण त्यावर सगळा भार टाकायला मी धजत नाही. वाचताना 'तुझ्या' या शब्दाशी मात्र थांबावंच लागतं. आपला गाल पुढे करायची मुभा आपल्याला आहे. बहिणीचा गाल पुढे करायची मुभा तुम्हाला कुणी दिली?

शिवाय ज्याने हे सांगितलं तो स्वतः कसा वागला तेही पाहा. योहानाच्या अठराव्या अध्यायात महायाजकासमोर एक शिपाई येशूला चपराक मारतो. येशू दुसरा गाल पुढे करत नाही. तो विचारतो की मी चुकीचं बोललो असेन तर ते दाखव, आणि योग्य बोललो असेन तर मारतोस का? तो मारत नाही आणि गप्पही बसत नाही. नासरेथमध्ये लोक त्याला कड्यावरून ढकलायला निघाले तेव्हा तो गर्दीतून वाट काढून निघून गेला. मंदिरात दगड उचलले गेले तेव्हा तो लपला. ज्याला आपण सगळं सोसणारा म्हणून ओळखतो तो निसटला आहे, लपला आहे, जाब विचारताना दिसतो आहे.

तुमच्या मनात लगेच येशूचा शिष्य पेत्र उभा राहील, आणि तो राहायलाच हवा. शांततावाद्यांचा सगळ्यात मजबूत आधार तोच आहे. येशूला पकडायला आले तेव्हा गेथशेमाने बागेत पेत्राने तलवार उपसली ती स्वतःसाठी नव्हती. तो तर जगातल्या सर्वांत निरपराध माणसाचं रक्षण करत होता. तरी त्याला तलवार म्यानात घालायला सांगितलं गेलं, आणि महायाजकाचा दास मल्ख याचा त्या तलवारीने तुटलेला कान येशूने बरा केला. इ. स. २०० च्या सुमारास टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने यावर लिहिलं की प्रभूने पेत्राची तलवार काढून घेतली तेव्हा प्रत्येक सैनिकाचीच काढून घेतली. 'दुसऱ्याला वाचवायचं असेल तर चालतं' असं म्हणून हा प्रसंग ओलांडता येत नाही, हे मी मान्य करते.

पण त्याच बागेत, त्याच रात्री, पेत्राच्या आधी आणखी एक जण पुढे झाला होता. शिपाई मशाली आणि शस्त्रं घेऊन आले तेव्हा येशू स्वतः त्यांच्या सामोरा गेला, कुणाला शोधता म्हणाला, आणि मी हवा असेन तर यांना जाऊ द्या, असं सांगितलं. माझी माणसं आणि ती शस्त्रं यांच्यामध्ये मी. अकरा वर्षं तुम्ही मुलांना पेत्राची तलवार खाली ठेवायला शिकवलंत. त्याआधीची ती चार पावलं पुढे टाकायला शिकवलंत का? माझा रोख एवढाच आहे. बाकीचं सगळं पत्र याच्याभोवती आहे.

इतिहासात जे ख्रिस्ती शांततावादी लक्षात राहिले त्यांच्यात बसून राहणारे फार थोडे आहेत. २९५ साली उत्तर आफ्रिकेत मॅक्सिमिलियन नावाच्या २१ वर्षांच्या तरुणाने सैन्यात भरती व्हायला नकार दिला. मी ख्रिस्ती आहे, मला शिपाईगिरी करता येत नाही, यापलीकडे तो गेला नाही, आणि त्याचं डोकं उडवलं गेलं. १५६९ मध्ये नेदरलँड्समध्ये डर्क विलेम्स हा ॲनाबॅप्टिस्ट (तेव्हा छळला जाणारा एक ख्रिस्ती पंथ) कैदेतून निसटून गोठलेल्या पाण्यावरून पळाला. पाठलाग करणारा बर्फ फुटून पाण्यात पडला. डर्क मागे फिरला, त्याला बाहेर काढलं, पकडला गेला आणि जाळला गेला. त्याच परंपरेतल्या मेनोनाइट घरांमध्ये ही गोष्ट अजून सांगतात. मला तिच्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, पळणं त्याला पाप वाटलं नाही. दोन, मागे फिरण्याची किंमत त्याने स्वतःच्या अंगावर घेतली. तुमच्या घरातल्या प्रसंगात किंमत कुणी मोजली? चार टाके कुणाच्या भुवईवर आहेत?

ज्यांचं आयुष्यच अहिंसेचं उदाहरण मानलं जातं त्यांच्याही घरी हा प्रश्न आला होता. १९०८ मध्ये जोहान्सबर्गला गांधीजींवर जीवघेणा हल्ला झाला. मोठ्या मुलाने पुढे विचारलं, मी तिथे असतो तर काय करायला हवं होतं, पळून जाऊन तुम्हाला मरू द्यायचं की ताकद वापरायची? १९२० मध्ये त्यांनी याबद्दल लिहिलं की मी त्याला सांगितलं, हिंसा करूनही माझं रक्षण करणं तुझं कर्तव्य होतं. भ्याडपणा आणि हिंसा यांतच निवड असेल तर हिंसा, असं त्यांचं मत होतं, आणि अहिंसा या दोन्हींपेक्षा वर. हे वाक्य लोक अर्धंच सांगतात. मारामारीच्या बाजूचे पहिला अर्धा उचलतात, आपल्यासारखे दुसरा.

मार्टिन ल्यूथर किंग यांचंही तसंच. जानेवारी १९५६ मध्ये त्यांच्या घरावर बॉम्ब पडला तेव्हा आत पत्नी आणि तान्ही मुलगी होती. त्या दिवसांत त्या घरात बंदुका होत्या, आणि त्यांनी शस्त्र बाळगण्याचा परवानाही मागितला होता. तो मिळाला नाही. अहिंसा त्यांच्यात हळूहळू मुरत गेली, मॉन्टगोमेरी शहरातल्या बसवरच्या वर्षभराच्या बहिष्कारात, रोजच्या धमक्यांत. तुम्ही मात्र स्वतःकडून ती अशी अपेक्षिता की वर्गात शिकवली म्हणजे दारात आपोआप हजर होईल.

आणि इथे एका माणसाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या वर्गाला तो उपयोगी पडेल. जेम्स लॉसन, अमेरिकेतला मेथडिस्ट पाळक. सैन्यात जायला नकार दिला म्हणून १९५१ मध्ये तुरुंगात गेला. सुटल्यावर काही वर्षं नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होता, गांधीविचार जवळून पाहिला. परत गेल्यावर १९५९ मध्ये नॅशव्हिलमधल्या एका चर्चच्या तळघरात त्याने कॉलेजच्या मुलांचे वर्ग सुरू केले. काळ्या लोकांना दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसू देत नसत, तिथे जाऊन बसायचं होतं. त्या वर्गात वचनं होतीच, पण खुर्च्याही मांडलेल्या असत. अर्धी मुलं खुर्चीवर बसत, अर्धी हल्लेखोर होत. शिव्या देत, तोंडावर सिगरेटचा धूर सोडत, खुर्चीवरून खेचून खाली पाडत. मग सगळे थांबून बोलत : तुला काय झालं, हात का उगारलास, तू का गोठलास. डोकं कसं झाकायचं ते शिकवलं जाई. आणि सोबत्याला कुणी बेदम मारत असेल तर आपलं शरीर मध्ये कसं घालायचं, म्हणजे सगळा मार एकाच्याच अंगावर पडणार नाही, हेही. फेब्रुवारी १९६० मध्ये ती मुलं काउंटरवर बसली आणि १० मे ला शहरातल्या काही दुकानांनी काळ्या गिऱ्हाइकांना पहिल्यांदा वाढलं.

म्हणजे पुढे होण्याचीसुद्धा तालीम घ्यावी लागते. तुमच्या शरीराला त्या संध्याकाळी काहीच पाठ नव्हतं. तोंडाला वचन पाठ होतं, पायांना नव्हतं.

आता दुसरा प्रश्न : मारायला हवं होतं का? तुमच्याच पत्रात एक गोष्ट आहे, ती तुम्ही लिहिलीत पण पाहिली नाहीत. शेजाऱ्याने मेहुण्याला मागून धरलं, खाली पाडलं, दाबून ठेवलं. एकही ठोसा मारला नाही. तो तुमच्या मंडळीतला नाही, त्याने डोंगरावरचं प्रवचन कदाचित ऐकलेलंही नसेल, पण त्या खोलीत तुमच्या शिकवणीच्या सर्वांत जवळ तोच होता. (काठीचा सल्ला त्याने नंतर दिला. प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा त्याला काठी लागली नव्हती, हे त्याला सांगा.)

बळ आणि हिंसा एकच नव्हेत असं मी मानते. रस्त्यावर धावत सुटलेल्या पोराला दंड धरून खेचणं हे बळ आहे. दारूच्या नशेत असलेल्या माणसाचे हात दोघांनी धरणं हे बळ आहे. त्यात त्याला इजा करायचा, धडा शिकवायचा, सूड घ्यायचा हेतू नसतो. टॉल्स्टॉयसारखे कडवे लोक हा फरक मान्य करत नसत. ते जबरदस्तीच्या प्रत्येक रूपाला नाही म्हणत. पण कितीतरी शांततावादी तो मानतात आणि मलाही तो खरा वाटतो. फक्त एक धोका आहे. हा फरक आपण नंतर, आपल्या सोयीने काढतो. 'मी त्याला फक्त अडवत होतो' असं म्हणणाऱ्याच्या हातून चौथा फटका गेलेला असतो. म्हणून कुठे थांबायचं ते आधी ठरवावं लागतं : तो तिच्यापासून दूर झाला की माझे हात सुटले पाहिजेत.

काठी ठेवू नका. यामागे तत्त्व थोडं आणि व्यवहार जास्त आहे. घरातलं हत्यार कुणाच्या हातात पडेल ते आपण ठरवत नाही. ते आधी मेहुण्याच्या हाती लागू शकतं. त्याहून मला भीती वाटते ती तुमच्या भाच्याची. 'पुढच्या वेळी मी आहे' म्हणणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला दाराआड काठी कुठे आहे हे रोज दिसत राहिलं, तर तुम्ही त्याच्यासाठी निवड करून ठेवलीत असं होईल.

आणि तिसरा प्रश्न. पुढच्या वेळी तुमच्या हातून मार दिला गेला तर? मी स्वतः संपूर्ण शांततावादी नाही, हे सांगून टाकते. माझ्या डोळ्यांदेखत असं काही झालं आणि अडवण्याचा दुसरा उपाय हाती नसला, तर मी हातात येईल ते उचलीन असं मला वाटतं. पण मी त्याला पुण्य म्हणणार नाही. इथे जुन्या चर्चकडे एक शहाणपण होतं ते आपण हरवलं आहे. चौथ्या शतकात कैसरीयाचा बिशप बसिल याने लिहिलं की युद्धात मारणं हा खून धरत नाहीत, तरी ज्यांचे हात माखले आहेत त्यांनी तीन वर्षं प्रभुभोजनापासून दूर राहिलं तर बरं. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतर जिंकलेल्या बाजूच्या सैनिकांना बिशपांनी प्रायश्चित्त नेमून दिलं, मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष. जिंकलेल्यांना! ना हार घालून मिरवलं, ना बाहेर हाकललं. तुमच्या हातून काहीतरी झालं आहे, या, आपण ते उचलू, असं म्हटलं.

डीट्रिख बॉनहॉफर हे नाव तुम्ही पत्रात लिहिलंच आहे. तरुणपणी शांततेची बाजू मांडणारा हा जर्मन पाळक पुढे हिटलरविरुद्धच्या कटातल्या लोकांबरोबर गेला आणि ९ एप्रिल १९४५ ला फासावर गेला. त्याचा स्वतःचा वाटा किती होता यावर अभ्यासक अजून भांडतात. पण आपण केलं ते निर्दोष होतं असा दावा त्याने केला नाही. दुसऱ्यासाठी दोष अंगावर घ्यावा लागतो आणि मग देवाच्या दयेवर सोडावं लागतं, अशा अर्थाचं तो लिहून गेला. त्याचं नाव घेऊन हल्ली जो तो आपल्या हिंसेला पावती फाडतो, ते पाहून त्याला काय वाटलं असतं कोण जाणे. तुमच्यासाठी एवढंच : मारलंत तर तुम्ही ख्रिस्ताच्या बाहेर पडत नाही. येशूला तीनदा नाकारणारा पेत्र बाहेर पडला नाही, तर तुम्ही कसे पडाल? पण मारलंत तर त्याला 'बरोबर' असं नाव देऊन झोपूही नका.

आता पाळकांच्या सल्ल्याबद्दल, आणि इथे मी मऊ बोलणार नाही. बहिणीने परत जाऊ नये. 'सत्तर वेळा सात' क्षमा करा हे वचन मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे, हे ते जाणतात. त्याच अध्यायात, त्याच्या जरा आधी, अपराध करणाऱ्या भावाचं काय करायचं त्याचा क्रम आहे : एकट्याने सांगा, ऐकलं नाही तर दोघातिघांना साक्षीला घ्या, तरी नाही तर मंडळीला सांगा, तरी नाही तर त्याला परका समजा. क्षमा आहे, पण ती डोळे मिटून केलेली नाही. आणि यातलंही 'एकट्याने सांगा' हे मार खाणाऱ्या बाईला लावू नये. जॉन हॉवर्ड योडर हे विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रभावी शांततावादी धर्मशास्त्रज्ञांपैकी एक. त्यांनी वर्षानुवर्षं अनेक स्त्रियांवर लैंगिक अत्याचार केले, आणि तक्रार करणाऱ्या स्त्रियांनी याच वचनाप्रमाणे आपल्याला समोरासमोर भेटून बोलावं असा आग्रह धरला. ते जिथे शिकवत त्या सेमिनरीने (धर्मशिक्षणाच्या संस्थेने) त्या स्त्रियांसमोर जाहीर पश्चात्ताप केला तो २०१५ मध्ये, योडर वारल्याला सतरा वर्षं उलटल्यावर. शांततेची भाषा मारणाऱ्याच्या किती सोयीची होऊ शकते याचं याहून कडू उदाहरण मला माहीत नाही.

क्षमा बहिणीच्या मनातली गोष्ट आहे, तिला ती आज जमेल, दहा वर्षांनी जमेल किंवा जमणार नाही. परत राहायला जाणं ही वेगळी गोष्ट आहे. मारहाण करणाऱ्या जोडीदाराला सोडल्यानंतरचा काळ सर्वांत धोक्याचा असतो, हे अशा स्त्रियांसोबत काम करणारा कुणीही सांगेल. तुमचा मेहुणा दारात आला तो त्याच काळात.

पोलिसांकडे जायला तुम्ही कचरता, कारण 'आपला हात स्वच्छ ठेवून दुसऱ्याच्या हातात काठी द्यायची' हे तुम्हाला ढोंग वाटतं. शंका प्रामाणिक आहे. पण प्रेषितांच्या कृत्यांचा तेविसावा अध्याय उघडा. चाळीसहून अधिक माणसांनी प्रेषित पौलाला ठार मारेपर्यंत अन्न घेणार नाही अशी शपथ घेतली होती. हे पौलाला कुणी येऊन सांगितलं? त्याच्या बहिणीच्या मुलाने. भाच्यानेच. पौलाने त्याला तलवार दिली नाही, गप्पही बसवलं नाही. शताधिपतीला बोलावून म्हणाला, या तरुणाला सरदाराकडे ने, त्याला काही सांगायचं आहे. त्या रात्री २०० शिपाई, ७० स्वार आणि २०० भालेकरी पौलाला यरुशलेमातून बाहेर घेऊन गेले. शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाला, असं रोमकरांस लिहिणारा हाच माणूस. कायद्याची मदत घेताना तुम्ही सूड मागत नाही, एक दार बंद करून मागता. तिथे मेहुण्याला विनाकारण झोडपलं जाऊ नये असं वाटत असेल तर तेही त्यांना सांगा. शांततावाद्याने सांगण्यासारखीच ती गोष्ट आहे.

भाच्याशी तुम्ही बोलायला हवं, आणि लवकर. त्याचा राग दडपू नका. त्याला सांगा की तू जे पाहिलंस त्याने राग येणं बरोबर आहे, आणि मी गोठलो होतो. हे मामाच्या तोंडून ऐकणं त्याच्यासाठी कुठल्याही प्रवचनापेक्षा मोठं ठरेल. मग पौलासारखं त्याला काम द्या, पण मारामारीचं नाही : धाकट्याला घेऊन मागच्या दाराने शेजाऱ्याकडे जायचं आणि तिथून फोन करायचा. पुढच्या वेळी तो कुठे असेल हे ठरलेलं असलं की 'मी आहे' या वाक्याला वळण मिळेल.

घरातल्या सगळ्यांनी एकदा बसून हे आखा. कडी कोण लावणार, फोन कोण करणार, कोणता शब्द उच्चारला की सगळ्यांनी हलायचं, बहीण कोणत्या खोलीत जाणार जिला आतून कुलूप आहे. तुम्ही कुठे उभे राहणार. एकट्याने मध्ये पडू नका, शेजारी आणि तुम्ही दोघे असाल तर कुणाला न मारता धरणं शक्य होतं. त्याच्याकडे हत्यार दिसलं तर मध्ये पडायचं नाही, सगळ्यांनी बाहेर पडायचं. टाके घातल्याचे डॉक्टरांचे कागद, जखमेचे फोटो, धमकीचे मेसेज घराबाहेर कुणाकडे तरी ठेवा. मेहुण्याला भेटायची वेळ आलीच तर चार माणसांत, दिवसाउजेडी, आणि बहिणीला यायचं असेल तरच. मग हे सगळं दोनदा प्रत्यक्ष करून पाहा. हसू येईल, मुलं टिंगल करतील. चालेल. हसताना का होईना, पायांना रस्ता कळतो.

वर्ग सोडायचा विचार तुम्ही शेवटच्या परिच्छेदात लिहिलाय. सोडू नका. पुढच्या रविवारी बहिणीला विचारून, तिची हरकत नसेल तरच, मुलांना ही गोष्ट सांगा, शाबासकीचा भाग वगळून. मग खुर्च्या मांडा, लॉसनसारख्या. तुमच्यानंतर त्या मुलांपैकी कुणाच्या तरी घरात ही वेळ येणार आहे.

पण त्याआधी बहिणीचा प्रश्न अजून तसाच आहे. तिला सांगा : नाही, मी प्रार्थना करत नव्हतो, मला काहीच सुचलं नाही, आणि मी तुझ्यापर्यंत पोचलो नाही. तिथेच थांबा. मत्तय नको, पौल नको, माझं हे पत्रही नको. लगेच क्षमाही मागू नका, कारण मग तुम्हाला धीर देण्याचं काम पुन्हा तिच्यावर येईल. फक्त विचारा की यापुढे असं झालं तर मी कुठे उभा असावा असं तुला वाटतं. ती लगेच बोलणार नाही कदाचित. मागच्या वेळी तिला दोन आठवडे लागले होते.